गाडी यायच्या आधीचे शनिवार

आमची गाडी आली ती हिवाळ्यात, संत्र्याची तोड सुरू असताना. तिच्यावरची पहिली फेरी मला धड आठवत नाही. नवरा म्हणतो, आपण आधी जामसांवलीला गेलो, मारुतीपुढे नारळ फोडला आणि मग पुढे निघालो. मी म्हणते, सोमवार होता, आपण थेट शाळेत गेलो. यावरून आमची आजही जुंपते. मी कोणती साडी नेसले होते, ऊन होतं की ढगाळ होतं, काही म्हणजे काही आठवत नाही.

आठवतात त्या फेऱ्या गाडी यायच्या आधीच्या. पांढुर्ण्याहून सौंसरला जाणारी दुपारची बस, खिडकीशी मी, आणि त्याच रस्त्यावर बसच्या थोडं पुढे धावणारी आमची लाल गाडी. तिच्यावर मागे मीच बसलेली असायची. बसमधली मी त्या गाडीवरच्या मला बघत राहायची. ती पदर सावरायची, वळण आलं की नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायची, आणि बस खड्ड्यात आदळली की दिसेनाशी व्हायची. पुढचं गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी सुरू झाली की पुन्हा तिथेच. माझे डोळे असे तंद्रीत गेलेले पाहून शेजारच्या बाईला वाटायचं, हिला बस लागते. ती मला वास घ्यायला लिंबू द्यायची. मी घेत असे. लिंबाच्या वासात ती गाडी जास्तच चांगली पळायची.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. माझं माहेर पांढुर्ण्याचं, आणि तिथल्याच मुलींच्या एका शाळेत मी भूगोल शिकवत होते. सासर सौंसरचं. बोरगावच्या बाजूला संत्र्याचा बगीचा, त्याला लागून थोडी पऱ्हाटी, गोठ्यात एक बैलजोडी आणि घरात सासू, सासरे, नवरा. नवरा शेतीच्या जोडीला विहिरींवरचे मोटारपंप दुरुस्त करायचा. त्याच्या हातांना ग्रीसचा वास असे आणि तोडीच्या दिवसांत त्यात संत्र्याच्या सालीचा वास मिसळे. लग्नाआधी कोणी हे सांगितलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. लग्नानंतर मला तो वास रविवारी रात्रीपासूनच आठवायला लागायचा, कारण सोमवारी निघायचं असे.

लग्न ठरवताना मुलीची नोकरी चालेल असं सगळ्यांनी मान डोलावून कबूल केलं होतं. रोजचं जाणं-येणं कसं व्हायचं, हे मात्र कोणीच विचारलं नाही. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडच्यांनी काहीतरी ठरवलं असेल. मुलीकडच्यांना वाटलं तो आता त्यांचा प्रश्न. अंगाची हळद उतरल्यावर लक्षात आलं, की सौंसरहून निघणारी सकाळची पहिली बस पांढुर्ण्याला पोचते तोवर शाळेचा पहिला तास संपलेला असतो. सोमवारचा एक तास आमच्या मुख्याध्यापिका बाई सांभाळून घ्यायला तयार झाल्या. रोज कोण सांभाळणार? मग अशी सोय निघाली की आठवडाभर मी माहेरी राहायचं, शनिवारी अर्धी शाळा सुटली की बस धरायची आणि सोमवारी सकाळी परत.

सौंसरात बायका सासूबाईंना विचारत, सून आली का व? सासूबाई म्हणत, शनिवारी येते. त्यावर बायका अशा काही गप्प बसत की सासूबाईंना उत्तर दिल्याचा पस्तावा होई. पांढुर्ण्यात याच्या उलट. तिथे माझ्या आईला विचारत, पोरगी परत आली का? आई म्हणे, शनिवारी जाते. मी दोन्हीकडे पाहुणी होते. पाहुणीच्या ताटात जसं आग्रहाने वाढतात तसं दोन्हीकडे वाढत, आणि मला त्या आग्रहाचा वैताग येई. सासूने एकदा तरी हक्काने म्हणावं, ऊठ, भांडी घास. त्या म्हणत नसत.

आमच्याकडे सासरा नव्या सुनेशी बोलत नाही. सून डोक्यावरून पदर घेते, सासरा आत यायच्या आधी खाकरतो, आणि जे सांगायचं ते तिसऱ्या माणसाला सांगितलं जातं. माझ्या सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, म्हणजे मनात म्हणायची, कारण तोंडावर म्हणायची वेळच येत नसे. ते ही रीत इतकी कडक पाळायचे की तिसरं माणूस जवळ नसलं तर ते बैलाला सांगायचे. आज वरणात मीठ थोडं सढळ पडलं बावा, असं गोठ्यातून ऐकू आलं की मी स्वयंपाकघरात जीभ चावायची. बैलाने मला कधी बोल लावला नाही, त्यामुळे आमचं तिघांचं बरं चाललं होतं.

पाडव्याच्या दिवशी मात्र बैलाला जरा मोठी गोष्ट ऐकावी लागली. पाडव्याला शेतावरच्या गड्याचं पुढचं साल ठरतं, तसं त्या दिवशी माझंही ठरलं. मामाजी कडबा टाकत होते आणि मी भिंतीच्या अलीकडे पोळ्या लाटत होते.

"सून आठवडाभर माहेरी रायते, हे मले पटत नाही," ते बैलाला म्हणाले. "पोळ्यापर्यंत पायतो. पोळ्याले घरचं जनावर घरी पायजे, मंग माणूस त पायजेच. रोज येणं-जाणं होत असन त नोकरी राहू द्या. नाही त पोळ्यानंतर सोडा."

आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. रागावलेला माणूस उद्या विसरतो. मामाजी शब्दाचे पक्के होते, बगीच्याचा सौदा एकदा तोंडाने ठरला की भाव चढला तरी फिरवत नसत. मला नोकरी सोडायची नव्हती. हे मी तेव्हा कोणाला म्हटलं नाही. वर्गात नकाशा टांगायचा, काठी टेकवायची आणि समोरच्या मुलींचे डोळे नदीबरोबर समुद्रापर्यंत जाताना बघायचे, यात मला इतकं सुख होतं की ते सांगायचीसुद्धा लाज वाटे. आणि मला नवराही हवा होता, रोजचा, नुसता शनिवारचा नाही. दोन्ही हवं म्हणणारी बाई त्या काळी हावरट ठरायची. मी होते हावरट.

उपाय नवऱ्याने काढला. तो म्हणाला, गाडी घेऊ. मोटारसायकल. सकाळी तुला शाळेत सोडीन, दिवसभर पांढुर्ण्याच्या बाजूच्या विहिरी करीन, संध्याकाळी दोघं घरी. पांढुर्ण्याकडची कामं त्याला नेहमी येत, पण बसने हत्यारांची पेटी घेऊन फिरणं जमत नसे. हिशेब इतका सरळ होता की मामाजींनीही बैलापुढे हरकत घेतली नाही.

त्या वर्षांत जपानी गाड्यांचं खूळ नुकतंच आपल्याकडे पोचलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं सौंसरहून छोट्या रुळांच्या आगगाडीने नागपूरला गेलो. दुकानात एका चौथऱ्यावर एकच गाडी उभी होती आणि तिच्याभोवती देवळात गाभाऱ्यापुढे असते तशी दोरी बांधलेली होती. टाय लावलेल्या विक्रेत्याने सांगितलं की इंजिन जपानचं आहे, भाग पेट्यांतून जहाजाने येतात आणि जोडणी इथे होते. ही शेवटची गोष्ट आम्ही दोघांनी तिथल्या तिथे विसरून टाकली. सौंसरात आणि पांढुर्ण्यात सांगताना गाडी सबंधच्या सबंध जपानहून येणार होती, आणि तिचं नाव पडलं इम्पोर्टेड.

नवऱ्याने विनंती केली म्हणून विक्रेत्याने ती चालू करून दाखवली. गावातली फटफटी चालू झाली की कोंबड्या छपरावर जात. ही इतकी हळू बोलत होती की नवऱ्याला खरंच वाटेना. त्याने दोरीवरून वाकून इंजिनावर तळहात ठेवला, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग माझ्याकडे वळून हसला. आयुष्यात तो माझ्याकडे पाहून पुष्कळदा हसला आहे, पण ते हसू निराळं होतं. मला त्या क्षणी त्या यंत्राचा थोडा मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू?

नाव नोंदवलं. रंग लाल सांगितला. विक्रेता म्हणाला, गाड्या लॉटने येतात, नंबराप्रमाणे मिळतील, तुमची श्रावणात नक्की. निघताना त्याने गाडीचं चित्र असलेला एक गुळगुळीत कागद दिला. त्यात समुद्राकाठी उभी असलेली लाल गाडी होती, माणूस कोणीच नव्हता. तो कागद मी शाळेच्या नकाशांच्या पुस्तकात जपानच्या पानावर ठेवला. जुलैत शाळा भरली आणि आशिया खंड शिकवताना जपानशी आले की माझा आवाज बदलतो, असं मुलींनीच मला सांगितलं.

तिथून पुढचे शनिवार हे आमच्या संसाराचे सगळ्यात चांगले दिवस होते असं मी म्हणते, तेव्हा नवऱ्याला वाईट वाटतं. पण होते. बस सौंसरला पोचली की तो स्टँडवर उभा असे, आणि घरापर्यंत चालताना आम्ही गाडीवरून जात असल्यासारखे बोलायचो. इथे खडी आहे, हळू घे. इथे कुत्रं आडवं येतं. घरी कोठीच्या खोलीत संत्र्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या रचलेल्या असत. त्यातल्या चार-पाच त्याने एकापुढे एक मांडून गाडी केली होती. पुढे तो बसायचा, हातात फावड्याचा दांडा आडवा धरून. मागे मी, एका बाजूला पाय सोडून. साडी चाकात कशी जाऊ द्यायची नाही, थैली कोणत्या हातात धरायची, गतिरोधक आला तर अंग किती उचलायचं, सगळं आम्ही त्या पेट्यांवर शिकलो. तो तोंडाने गाडीचा आवाज काढायचा, अगदी हळू, कारण आमची गाडी हळू बोलणारी होती.

एकदा आम्ही असेच जामसांवलीच्या वळणापाशी पोचलो होतो आणि दारात सासूबाई उभ्या. मला वाटलं आता मेले. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, सरक. मी उतरले. त्या मुलाच्या मागे बसल्या, पदर कमरेला खोचला आणि मारुतीचं दर्शन करून बाजारात सोड म्हणाल्या. तो त्यांना घेऊन गेला. देवळाशी त्यांनी खरंच हात जोडले. बाजारातून परत येताना ओसरीत खाकरण्याचा आवाज आला, तशा त्या पेटीवरून उतरल्या आणि सूप घेऊन धान्य पाखडायला लागल्या. त्या दिवसानंतर त्यांनी मला पहिल्यांदा भांडी घासायला सांगितली.

पांढुर्ण्यात आठवडा सरत नसे. माहेरच्या अंगणात बसून मी वह्या तपासायची आणि मध्येच थांबून हिशेब करायची, आता आमची गाडी कुठे असेल. एखाद्या गुरुवारी ती जहाजात असायची. तिच्या पेटीखाली समुद्र हलत असायचा आणि वर कोणीतरी माणूस विडी ओढत उभा असायचा. तो माणूस कोण, त्याचं घर कुठे, तो घरी केव्हा जाणार, असं माझं मन भरकटत जायचं. मग ती मुंबईच्या बंदरावर उतरायची. मग मालगाडी. रात्री अंथरुणावर पडल्यावर पांढुर्ण्याच्या स्टेशनातून मालगाड्या जाण्याचा आवाज येई, आणि प्रत्येक गाडीत ती असे. अशी ती माझ्या उशाजवळून कितीदा नागपूरला गेली असेल. आई म्हणे, बाई, तू झोपेत हसतेस.

लोकही मजा घेत. स्टँडवरचा चहावाला विचारे, जहाज कुठवर आलं मॅडम? मी सांगे, आता लंकेला वळसा घालून राहिलं. पण आषाढ संपला तशी थट्टा बोचायला लागली. नवरा पोस्टातून नागपूरला ट्रंक कॉल लावायचा. पहिला लॉट आला, त्यात आमचा नंबर नव्हता. श्रावण लागला, दुसरा आला, त्यातही नव्हता. शनिवारी पेट्यांवर बसलो तरी तो आवाज काढायचा नाही. एकदा तो म्हणाला की नाही आली तर तू वाईट वाटून घेऊ नको. मी म्हटलं, नाही वाटणार. दोघांनाही कळलं की मी खोटं बोलले.

मामाजी काही बोलत नव्हते, बैलाशीही नाही. पोळा जवळ येत चालला होता. शाळेत सहामाहीचे पेपर कोणी काढायचे ते ठरत होतं. मुख्याध्यापिका बाईंनी माझ्या वर्गांची नावं वाचली तेव्हा मी मान हलवली आणि वाटलं, या मुलींना मी पेपर काढून देईन आणि तपासायला दुसरीच कोणी असेल. राजीनामा मनात लिहून झाला होता. कोणाला दोष नव्हता. मामाजींनी मुदत दिली होती, ती भरपूर होती, आणि त्यांना माझा तिटकारा असता तर मला भांडता तरी आलं असतं.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात फोनवर दुकानातून सांगण्यात आलं की लॉट वाटेत आहे, पोळ्याच्या आदल्या दिवशी या. घरात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. मामाजींनी तर कमालच केली. पोळ्यासाठी गोठा सारवायचाच होता, त्यांनी बैलांच्या बाजूची अडगळ काढून तिथे तिसरी जागा केली. जागा मोजली ती बैलाच्या मापाने, शेपटी झटकायला जागा सोडून. आणि पुढे बाभळीचा नवा खुंटा ठोकला. नवरा हसत म्हणाला की बाबा, तिला दावं लागत नाही, ती आपल्या पायावर उभी राहते. मामाजी म्हणाले, खुंट्याबिगर जनावराले जागा कशी समजन?

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून सकाळीच आले होते. नवरा पहाटे नागपूरला गेला, थैलीत नारळ, झेंडूचा हार आणि हळदीकुंकवाची पुडी घेऊन. दुपारभर मी आणि सासूबाई रस्त्यावरचा प्रत्येक आवाज ऐकत होतो. पुरणाची डाळ निवडताना माझा हात थांबे. बाहेर कोणाची फटफटी वाजली की सासूबाई म्हणत, ही नव्हे, आपली हळू बोलते. उन्हं उतरली, मामाजी बैल धुऊन ओढ्यावरून आले, आणि त्यांच्यामागून दहा पावलांवर नवरा चालत आला. पायी. थैलीतून झेंडूचा हार बाहेर लोंबत होता.

त्याने ओसरीत बसून सांगितलं. लॉट आला होता. आमच्या नंबराच्या थोडं आधीच गाड्या संपल्या. पुढचा केव्हा, दुकानदारालाही माहीत नव्हतं. मी आत गेले आणि पुरणाच्या डाळीत पाणी घातलं. रडू आलं नाही. उद्या पोळा. मुदत संपली होती आणि तसं कोणी म्हणायचीही गरज नव्हती.

संध्याकाळी खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकतात, पळसाच्या पानाने हळद आणि तूप चोळतात, आणि वर्षभर जू वाहणाऱ्या त्या जनावराला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. सासूबाईंनी वाटीत हळद-तूप कालवून दिलं. मी पदर ओढून गोठ्याच्या दाराशी दिवा धरून उभी राहिले. नवरा भिंतीला टेकून उभा होता, माझ्याकडे न बघता. मामाजींनी पहिल्या बैलाचे खांदे चोळले, मग दुसऱ्याचे. नवऱ्याने आणलेला हार तोडून दोघांच्या गळ्यात अर्धा अर्धा बांधला. दोघांच्या कानाशी वाकून त्यांनी आवतण दिलं. आता संपलं असं समजून मी वळले, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

मामाजी रिकाम्या जागेपुढे उभे होते. वाटीत बोट घालून त्यांनी खुंट्याला हळद-तूप लावायला सुरुवात केली, सावकाश, वरपासून खालपर्यंत, नव्या लाकडाच्या खपल्या बोटाला टोचत असतील याची पर्वा न करता. सासूबाईंनी माझ्या कानात सांगितलं की ही आपल्या घरची रीत आहे. खांदशेकणीला एखादा बैल घरी नसला, कोणाच्या कामावर गेलेला असला, वाटेत असला, तर त्याचं आवतण त्याच्या खुंट्याला देतात. मला ते माहीत नव्हतं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," मामाजी खुंट्याला म्हणाले.

नवरा भिंतीचा टेका सोडून पुढे आला. म्हणाला, बाबा, उद्या ती येणार नाही. कधी येईल सांगता येत नाही.

"आवतन देलं त वाट पाहा लागते," मामाजी म्हणाले. "आज आली नाही म्हणून खुंटा उपटू का?"

सासूबाईंनी माझं मनगट सोडलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, "अन् सुनेचं?"

मामाजींनी तुपाचं बोट धोतराला पुसलं. बैलाकडे पाहिलं, खुंट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिचंबी तसंच."

नवऱ्याने येऊन माझ्या हातातला दिवा घेतला. तेव्हा मला रडू आलं, आणि पदर ओढलेला होता ते बरंच झालं. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या की उभी काय राहिली, पुरण लागून राहिलं चुलीवर. पुरण खरंच लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ते तसंच खाल्लं, आणि एक पोळी मामाजींनी खुंट्यापुढे ठेवली. ती दुपारी बैलाने मान लांबवून खाल्ली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, दोन गावांची दगडफेकीची जत्रा. नदीच्या दोन्ही काठांवरून दगड चालू झाले की बस गावात शिरत नाही, त्यामुळे आणखी एक दिवस मला सासरी मिळाला. त्याच्या पुढच्या सकाळी मी थैली भरली. नवऱ्याला बोरगावकडच्या एका विहिरीवर पहाटेच जावं लागलं होतं. मी दाराबाहेर पडले तर मामाजी काठी घेऊन पुढे चालत होते. वाटेतलं कुत्रं हाकलत, मागे वळून न बघता, ते स्टँडपर्यंत गेले. मी अंतर राखून मागे. बस लागलेली होती. त्यांनी माझी थैली घेतली, आत ठेवली, आणि जागा बघून उपरणं टाकलं. मी चढले, उपरणं खिडकीतून त्यांच्या हातात दिलं.

स्टँडवर ओळखीची पुष्कळ माणसं होती. सासूबाईंना विचारणाऱ्या दोघीतिघीही होत्या. तिसरं माणूस शोधायला मामाजींना कुठेही जावं लागलं नसतं. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. खिडकीचा गज धरून ते माझ्याकडे पाहत म्हणाले,

"शनिवारी येजो, बाई. गाडी येईन तवा येईन."

ते माझ्याशी बोललेले पहिले शब्द. सगळ्या स्टँडने ऐकले. लग्नानंतर मी त्यांच्यापुढे तोंडच उघडलं नव्हतं. "हो मामाजी," एवढं म्हणाले, आणि तेही बस हलल्यावर, त्यामुळे त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पांढुर्ण्याला पोचले तोवर पहिला तास संपला होता. दुसऱ्या तासाला मी वर्गावर होते.